वारसांच्या यादीत नसलेलं माणूस

माणूस गेल्यावर त्याच्या मागे जे उरतं ते कुणाचं, हा माझ्या वकिलीचा विषय आहे. मृत्युपत्रं, बक्षीसपत्रं, हक्कसोडपत्रं, वारस दाखले, सोसायट्यांमधले नॉमिनेशनचे वाद, सातबाऱ्यावरच्या वारस नोंदी यांतच माझी पुण्याच्या शिवाजीनगर न्यायालयातली वर्षं गेली. समलिंगी विवाहाच्या कायदेशीर मान्यतेवरून देशात वाद पेटला तेव्हा संस्कृती, धर्म, निसर्ग, सप्तपदी यांवर पुष्कळ बोललं गेलं. माझ्या टेबलावर येणारे कागद मात्र त्या चर्चेत फारसे दिसले नाहीत. लग्न हा दोन माणसांचा आनंद असतोच. पण कायद्याच्या दृष्टीनं त्याचं मोठं काम सुरू होतं ते त्या दोघांतलं एक जण बेशुद्ध पडल्यावर, अंथरुणाला खिळल्यावर किंवा मेल्यावर. मी लिहिणार आहे ते त्या कामाबद्दल.

हिंदू पुरुष मृत्युपत्र न करता गेला, तर १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याचं कलम ८ लागतं. पहिल्या वर्गात मुलगा, मुलगी, विधवा, आई आणि आधी वारलेल्या मुलांची मुलंबाळं. त्यांतलं कुणी नसेल तर वडील, मग भाऊ-बहीण, आणि पुढे चुलते, आत्या, मामा, मावशी अशी यादी सरकत जाते. तेही नसले तर आधी केवळ पुरुषांमार्फत आणि मग इतर मार्गांनी लागणारे लांबचे नातलग शोधायचे. कुणीच सापडलं नाही तर कलम २९ प्रमाणे मालमत्ता सरकारजमा होते. पंचवीस वर्षं एका घरात राहिलेला, आजारपणं काढलेला जोडीदार या यादीत कुठेच येत नाही. कधीही तोंड न पाहिलेला मावसभाऊ येतो, सरकार येतं, तो येत नाही. इतर धर्मीयांच्या वारसा कायद्यांत याद्या वेगळ्या आहेत, पण या माणसापुरता निकाल सगळीकडे सारखाच.

एका प्रकरणाची रूपरेषा सांगते. ओळख पटेल असं त्यात काही ठेवलेलं नाही. दोन पुरुष, दोघंही नोकरदार, बरीच वर्षं एकत्र राहणारे. फ्लॅट घ्यायचं ठरलं तेव्हा बँकेनं दोन 'मित्रांना' एकत्र गृहकर्ज द्यायला नकार दिला, म्हणून करारनामा आणि कर्ज एकाच्या नावावर झालं. दुसरा दर महिन्याला हप्त्याचे निम्मे पैसे त्याच्या खात्यावर टाकत राहिला. ज्याच्या नावावर घर होतं तो चाळिशीतच हृदयविकारानं गेला. मृत्युपत्र नव्हतं. त्या वयात कोण करतं? कायद्यानं वारस एकटी आई. ती थोरल्या मुलाकडे राहणारी, थकलेली. तिला सगळं ठाऊक होतं, दोघांच्या घरी ती येऊन राहिलीही होती. पण तेरावं झाल्यावर थोरल्यानं किल्ली मागितली आणि ती काही बोलली नाही.

मागे राहिलेला माझ्याकडे आला तो बँकेच्या पासबुकांची चळत घेऊन. निम्मे हप्ते माझे आहेत, हे सिद्ध होईल ना, असं त्याचं म्हणणं. हप्ते सिद्ध झाले असते. पण दुसऱ्याच्या नावावरच्या मालमत्तेसाठी मी पैसे दिले, असं म्हटल्याबरोबर बेनामी व्यवहारांचा कायदा दारात उभा राहतो. त्या कायद्यात नवऱ्यानं बायकोच्या किंवा बायकोनं नवऱ्याच्या नावानं, आपल्या उघड उत्पन्नातून घर घेतलं तर त्याला सूट आहे. मुलांच्या नावानं घेतलं तरी सूट आहे. जोडीदाराच्या नावानं घेतलेल्याला नाही. ज्या पैशावर हक्क सांगायचा, त्याची कबुलीच अंगावर येण्याची भीती. शेवटी काही रक्कम घेऊन त्यानं घर सोडलं. त्या भावाला मी वाईट म्हणणार नाही. त्यानं मागितलं ते कायद्यानं त्याच्या आईचंच होतं. दोघं नवरा-बायको असते तर पत्नीला आईच्या बरोबरीनं हिस्सा मिळाला असता आणि किल्ली मागायचं कुणाच्या मनातही आलं नसतं.

आता या प्रश्नाची कायद्यातली वाट थोडक्यात. भारतीय दंड संहितेचं, समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम ३७७ हे १८६० सालचं, इंग्रजांनी लिहिलेलं. दिल्ली उच्च न्यायालयानं २ जुलै २००९ रोजी, सज्ञानांच्या संमतीच्या संबंधांपुरतं ते बाजूला सारलं. त्या खंडपीठाचे प्रमुख न्या. अजित प्रकाश शहा, आपल्या सोलापूरचे. ११ डिसेंबर २०१३ ला सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल फिरवला आणि ६ सप्टेंबर २०१८ ला पाच न्यायाधीशांच्या पीठानं तो गुन्हा कायमचा पुसला. त्यानंतरची मागणी लग्नाची असणार हे उघड होतं. १९५४ च्या विशेष विवाह कायद्यात, आपण ज्याला नोंदणी विवाह म्हणतो त्यात, समलिंगी जोडप्यांना जागा द्यावी, अशा याचिका सर्वोच्च न्यायालयात आल्या. १८ एप्रिल २०२३ पासून दहा दिवस सुनावणी झाली आणि १७ ऑक्टोबर २०२३ ला निकाल लागला. लग्न करण्याचा मूलभूत अधिकार घटनेत नाही आणि विशेष विवाह कायद्याचा हवा तसा अर्थ लावून तो देता येणार नाही, यावर पाचही न्यायाधीशांचं एकमत झालं. विवाह नव्हे तरी निदान या जोडप्यांच्या सहजीवनाला मान्यता देणं सरकारचं कर्तव्य आहे का, यावर मात्र फाटे फुटले. तेव्हाचे सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड आणि न्या. संजय किशन कौल 'हो' म्हणाले, न्या. रवींद्र भट, न्या. हिमा कोहली आणि न्या. नरसिंह 'नाही'. फेरविचाराच्या याचिका ९ जानेवारी २०२५ ला फेटाळल्या गेल्या. न्यायालयाचा दरवाजा निदान काही काळ बंद झाला आहे, आणि चेंडू संसदेकडे आहे.

या निकालानंतर मला सर्वांत जास्त ऐकायला मिळालेलं वाक्य असं: लग्नाचा एवढा आग्रह कशाला, मृत्युपत्र करा, नॉमिनी लावा, मुखत्यारपत्र करा, झालं. सुशिक्षित, सहानुभूती असलेली माणसंही हे मनापासून म्हणतात. मी तेच कागद करून देते, त्यावर माझं पोट आहे. म्हणूनच ते कागद कुठपर्यंत पोचतात आणि कुठे फाटतात हे सांगणं माझ्यावर येऊन पडतं.

मृत्युपत्रापासून सुरू करू. दोन साक्षीदारांच्या सह्या असलेलं साधं मृत्युपत्र कायद्याला पुरतं. पण ते करणाऱ्याच्या मरणानंतर कुणी आव्हान दिलं, की ते सिद्ध करायचं ओझं ज्याला मिळालं त्याच्यावर पडतं. सर्वोच्च न्यायालयाचा १९५८ सालचा व्यंकटाचल अय्यंगार खटल्यातला निकाल या बाबतीत आजही पायाभूत मानला जातो. तो लिहिला न्या. प्र. बा. गजेंद्रगडकर यांनी. मृत्युपत्राभोवती संशयास्पद परिस्थिती असेल तर तो संशय लाभार्थ्यानं दूर केला पाहिजे, हे त्याचं सार. निकाल उत्तम आहे, म्हाताऱ्या माणसांच्या जमिनी लुबाडणाऱ्यांना त्यानं कितीदा तरी रोखलं आहे. मात्र न्यायालयं ज्या गोष्टींना संशयास्पद मानत आली, त्यांतली एक म्हणजे नैसर्गिक वारसांना सबळ कारणाशिवाय डावलणं आणि दुसरी म्हणजे लाभार्थ्यानंच मृत्युपत्राच्या कामात पुढाकार घेणं. समलिंगी जोडप्याच्या मृत्युपत्रात या दोन्ही गोष्टी जवळजवळ नेहमीच असतात. भाऊ-पुतण्यांना डावलून सगळं 'परक्याला' दिलेलं, आणि वकिलाकडे दोघं मिळून आलेले. विधवेच्या नावानं केलेल्या मृत्युपत्राबद्दल, ही बाई कोण, असं कुणी विचारत नाही. इथे तो प्रश्न उलटतपासणीत विचारला जातो, आणि ज्यानं घरच्यांपासून आयुष्यभर जे झाकून ठेवलं ते त्याच्या मृत्यूनंतर भर न्यायालयात उघडं होतं. काही जण केवळ या भीतीनं दावा सोडून देतात.

शिवाय मृत्युपत्र सगळ्या मालमत्तेचं करता येत नाही. एकत्र कुटुंबातला आपला हिस्सा देता येतो, पण तो पुतण्यांच्या गराड्यातून वाटून घेणं ही पुढच्या दहा वर्षांची लढाई. शेतीचं तर आणखी अवघड. शेतकरी नसलेल्याला शेतजमीन देण्यावर कुळकायद्याच्या कलम ६३ ची बंदी आहे. गुजरातेत लागू असलेल्या त्याच १९४८ च्या मुंबई कायद्यावरून सर्वोच्च न्यायालयानं २०२० साली सांगितलं, की ही बंदी मृत्युपत्रानंही ओलांडता येणार नाही. आपल्याकडचं कलम त्याच मुळाचं आहे. त्यामुळे साताऱ्याकडची चार एकर बागायत मुंबईत वाढलेल्या जोडीदाराला देऊ पाहणाऱ्याला मी छातीवर हात ठेवून 'होईल' म्हणू शकत नाही.

नॉमिनेशनवर तर लोकांचा अपार विश्वास. नॉमिनी म्हणजे मालक, हा समज घराघरात आहे आणि तो चुकीचा आहे. शक्ती येझदानी विरुद्ध जयानंद साळगावकर या, मुंबईत सुरू झालेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०२३ मध्ये पुन्हा स्पष्ट केलं, की शेअर्सचा नॉमिनी हा वारसाहक्काच्या आड येत नाही; तो वारसांच्या वतीनं सांभाळणारा. गृहनिर्माण सोसायटीतही तेच. आपल्या सहकार कायद्यात नॉमिनीला तात्पुरता सभासद करून घेतात, वारस ठरले की त्यांना सभासदत्व. भविष्य निर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटीत गोष्ट याच्याही पुढची. कर्मचाऱ्याला कायद्यानं सांगितलेलं 'कुटुंब' असेल, म्हणजे पती किंवा पत्नी, मुलं, अवलंबून असलेले आई-वडील, तर नॉमिनी त्याच कुटुंबातला लागतो. जोडीदाराचं नाव घातलं तरी ते ग्राह्य ठरत नाही. कंपनीच्या एचआर खात्यातली मुलगी कितीही उदार असो, तिच्या हातात काही नसतं.

जिवंतपणीच देऊन टाकावं म्हटलं तर बक्षीसपत्र. महाराष्ट्रात राहतं घर नवऱ्यानं बायकोला, आईनं मुलाला, आजोबांनी नातीला बक्षीस दिलं तर मुद्रांक शुल्क २०० रुपये, वर स्थानिक अधिभार. जोडीदाराला दिलं तर विक्रीच्याच दरानं शुल्क, म्हणजे मोठ्या शहरातल्या साध्या घरावरही काही लाख. त्यानंतर आयकर. नातलगाकडून मिळालेली भेट करमुक्त असते आणि या नातलगांत पती-पत्नी येतात. इतरांकडून वर्षाला ५०,००० रुपयांपेक्षा जास्त मिळालं तर ते उत्पन्न धरलं जातं. याच तरतुदीला एका समलिंगी जोडप्यानं मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिलं आणि २०२५ मध्ये न्यायालयानं महान्यायवादींना नोटीस काढली. मला ही याचिका फार महत्त्वाची वाटते. अमेरिकेतही केंद्रीय कायद्याची कोंडी फुटली ती कराच्याच खटल्यात. न्यूयॉर्कच्या एडिथ विंडसर यांच्या पत्नी थिया स्पायर २००९ साली वारल्या. कॅनडात रीतसर लग्न झालेलं असूनही अमेरिकी सरकारनं विंडसरना पत्नी मानलं नाही आणि वारशावर ३,६३,०५३ डॉलर कर लावला. २०१३ साली त्या जिंकल्या आणि दोनच वर्षांनी सबंध देशात समलिंगी विवाह कायदेशीर झाला. वारसा आणि कर या रुक्ष खात्यांत अन्याय रुपयांत मोजता येतो, म्हणून तो न्यायालयाला लवकर दिसतो.

मालमत्तेचं एवढं. पण माझ्याकडे येणाऱ्यांची खरी धास्ती दवाखान्याची असते. मुखत्यारपत्र करून द्या म्हणतात. मी करून देते आणि त्याचवेळी सांगते, की करार कायद्याच्या कलम २०१ प्रमाणे, ते देणारा मेला किंवा त्याचं मानसिक भान हरपलं की मुखत्यारपत्र संपतं. मेंदूत रक्तस्राव होऊन माणूस अतिदक्षता विभागात पडला, त्याच्या खात्यातून बिल भरायचं आहे, विम्याचे कागद सही करायचे आहेत, आणि नेमका त्याच क्षणी माझा कागद निकामी होतो. शस्त्रक्रियेच्या संमतीचा अर्ज पुढे येतो, त्यावर 'रुग्णाशी नातं' असा रकाना असतो. समजूतदार डॉक्टर असेल तर 'मित्र' लिहून पुढे जाऊ देतो. नसेल तर गावाहून भाऊ येईपर्यंत थांबायचं. मूत्रपिंड द्यायची वेळ आली तर अवयव प्रत्यारोपणाच्या कायद्यात पती-पत्नी हे 'जवळचे नातेवाईक' म्हणून थेट पात्र. जोडीदारानं मात्र समितीपुढे उभं राहून आपली आपुलकी सिद्ध करायची. अपवाद एकच सांगण्यासारखा आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात माणूस आपला प्रतिनिधी म्हणून हव्या त्या सज्ञान व्यक्तीचं नाव देऊ शकतो, नात्याची अट नाही. म्हणजे असं लिहिणं आपल्या संसदेला जमतं, आणि त्यानं कुठलंही आकाश कोसळलेलं नाही.

हे सगळे कागद नीट केले, दर वर्षी तपासले, पैसे खर्च केले, तरी त्यांची एक मर्यादा राहतेच. करार हा करणाऱ्या दोघांना बांधतो. लग्न इतरांना बांधतं: बँकेला, सोसायटीला, रुग्णालयाला, आयकर खात्याला, तलाठ्याला, नणंदेला आणि दिराला. लग्न झालेल्यांना काहीही आधी ठरवून ठेवावं लागत नाही. गरीब, निरक्षर, आळशी, विसरभोळा, कुणीही असो, कायद्यानं त्याची व्यवस्था न मागता केलेली असते. उद्या एखादी विडी कामगार बाई मेली, तर तिच्या नवऱ्याला वकील गाठावा लागत नाही. तिच्याबरोबर दुसरी बाई राहत असेल तर तिला माझ्यासारखीकडे यावं लागतं, आणि ती येत नाही, तिला आमचा पत्ताही माहीत नसतो. हा प्रश्न मूठभर शहरी, उच्चभ्रू लोकांचा आहे, असं केंद्र सरकारनं २०२३ मध्ये न्यायालयात म्हटलं. मला अनुभवानं उलट दिसतं. शहरातला, पैसेवाला माणूस निम्मं-अर्धं का होईना कागदांनी भरून काढतो. बाकीच्यांना ज्या मोफत संरक्षणाची सर्वांत जास्त गरज आहे, ते लग्नाशिवाय दुसऱ्या कशानंच मिळत नाही.

निकालानंतर सरकारनं काहीच केलं नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल. एप्रिल २०२४ मध्ये मंत्रिमंडळ सचिवांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. त्याच वर्षी केंद्रानं कळवलं, की अशा जोडीदारांना शिधापत्रिकेसाठी एकाच कुटुंबातले मानावं. संयुक्त बँक खातं उघडायला किंवा एकमेकांना नॉमिनी करायला कसलीही आडकाठी नाही. आणि जवळचे नातेवाईक उपलब्ध नसतील तेव्हा जोडीदाराला मृतदेह ताब्यात घेता येईल. या सूचनांचं मी स्वागत करते. पण शेवटची नीट वाचावी. नातेवाईक उपलब्ध नसतील तेव्हा. गावाहून पुतण्या पोचला की जोडीदारानं बाजूला व्हायचं. आणि ही सगळी पत्रकं आहेत. पत्रक खात्याचं असतं, ते कायद्याच्या कलमापुढे टिकत नाही, आणि वारसा हा कलमाचा विषय आहे.

विरोधकांचे सगळे मुद्दे मला पोकळ वाटत नाहीत. 'संस्कृतीत बसत नाही' या मुद्द्यावर मी थांबणार नाही. विशेष विवाह कायदा मुळातच धर्माच्या विधींबाहेर लग्न करणाऱ्यांसाठी आहे, तिथे कुणाच्याही संस्कारांना हात लागत नाही. पण केंद्राच्या वकिलांनी न्यायालयात सांगितलं, की ही मान्यता दिली तर विविध कायद्यांतल्या दीडशेहून अधिक तरतुदी हलतील. हे खरं आहे. न्या. भट यांनी दाखवलेली अडचणही खरी आहे. विशेष विवाह कायद्यात पत्नीला पोटगीचे आणि घटस्फोटाचे काही खास हक्क आहेत, सगळीकडे 'जोडीदार' हा एकच शब्द घातला तर स्त्रियांचं संरक्षण पातळ होण्याचा धोका आहे. माझ्या विषयातली सर्वांत टोकदार अडचण मी स्वतःच मांडते. हिंदू वारसा कायद्याच्या कलम १५ प्रमाणे निपुत्रिक विवाहित स्त्री मृत्युपत्राशिवाय गेली आणि नवरा हयात नसेल, तर तिची मालमत्ता आधी नवऱ्याच्या वारसांकडे जाते, तिच्या आईवडिलांकडे नंतर. दोन स्त्रियांच्या संसारात नवऱ्याचे वारस कोण?

मी या प्रश्नावर बराच विचार केला आहे, आणि माझं मत असं की दोष या जोडप्यांत नाही, त्या कलमातच आहे. २००९ साली सर्वोच्च न्यायालयासमोर एका विधवेचं प्रकरण आलं. लग्नानंतर तीन महिन्यांत नवरा गेला, सासरच्यांनी घराबाहेर काढलं, आईवडिलांनी शिकवलं, ती नोकरीला लागली, स्वतः कमावलं. ती वारली तेव्हा तिची सगळी कमाई कलम १५ प्रमाणे नवऱ्याच्या बहिणीच्या मुलांना मिळाली, तिच्या आईकडच्यांना काही नाही. प्रकरण कठीण आहे हे न्यायालयानं मान्य केलं, पण कलम कलम होतं. मुंबई उच्च न्यायालयाच्या न्या. रोशन दळवी यांनी २०१२ साली हे कलम स्त्रीशी भेदभाव करणारं असल्याचं मत नोंदवलं. दोन स्त्रियांच्या लग्नाचा विचार करायला बसलो तर असं कलम आपोआप उघडं पडतं. ते दुरुस्त केल्यानं लाखो विवाहित स्त्रियांचं भलं होईल. जिथे जिथे कायदा अडखळतो तिथे तिथे आधीच कुणीतरी ठेचकाळत होतं.

आणि तरतुदी बदलणं हे संसदेनं पूर्वी केलेलं आहे, याच कायद्यात केलेलं आहे. विशेष विवाह कायद्याखाली लग्न केलेला हिंदू माणूस १९७६ पर्यंत एकत्र कुटुंबातून तुटलेला मानला जाई, वधू-वर दोघंही हिंदू असले तरी. कित्येक घरांत नोंदणी विवाहाला विरोध व्हायचं हेही एक कारण. १९७६ साली कलम २१-अ घातलं आणि तो प्रश्न मिटला. त्याच्याही मागे जायचं तर १८५६ चा विधवा पुनर्विवाहाचा कायदा पाहावा. त्यानं लग्नाला मान्यता दिली, पण पुनर्विवाह करताच पहिल्या नवऱ्याच्या मालमत्तेवरचा हक्क काढून घेतला. लग्न आणि वारसा हे कायद्यात नेहमी जोडीनं चालत आले आहेत, आणि नव्या लग्नाची भीती बहुधा वाटणीच्या भीतीत दडलेली असते. पुण्यात १८९३ साली धोंडो केशव कर्व्यांनी गोदूबाईंशी पुनर्विवाह केला, तेव्हा कायदा होऊन ३७ वर्षं झाली होती, तरी मुरुडच्या गावकऱ्यांनी बहिष्कार घातलाच. समाज तयार झाल्यावर कायदा करू, असं त्या वेळच्या सरकारनं ठरवलं असतं तर तो कधी झाला असता, सांगता येत नाही.

लग्न नको, वेगळी 'सहजीवन नोंदणी' द्या, असा एक मध्यममार्ग पुष्कळांना पटतो. फ्रान्सनं १९९९ मध्ये तसं केलं आणि लग्नापर्यंत यायला २०१३ उजाडलं. माझा त्याला विरोध नाही; उद्या तसा कायदा झाला तर मी पहिल्या दिवशी माझ्या पक्षकारांना घेऊन नोंदणीला जाईन. पण वकील म्हणून मला त्यातली खोच दिसते. नवं नातं निर्माण केलं की प्रत्येक जुन्या कायद्यात ते बसतं का, हा प्रश्न प्रत्येक खिडकीवर नव्यानं विचारला जाणार, आणि प्रत्येक कारकुनाचं उत्तर वेगळं येणार. लग्न म्हटलं की पंचवीस खात्यांना उत्तर आधीच माहीत असतं. म्हणून विशेष विवाह कायद्यातच जागा करणं हा सरळ मार्ग. सुप्रिया सुळे यांनी एप्रिल २०२२ मध्ये लोकसभेत मांडलेलं खासगी विधेयक याच दिशेचं होतं. ते चर्चेलाही आलं नाही, याची मला खंत आहे. आपल्या शेजारी नेपाळात नोव्हेंबर २०२३ मध्ये अशा पहिल्या लग्नाची नोंद झाली. थायलंडमध्ये जानेवारी २०२५ पासून कायदाच आहे.

परदेशी असलेल्या मराठी मुलांबद्दल दोन शब्द. न्यू जर्सीत किंवा लंडनमध्ये रीतसर लग्न केलेली, आईवडिलांनी मांडवात उभं राहून आशीर्वाद दिलेली जोडपी मला माहीत आहेत. त्यांनी इकडे घेतलेला फ्लॅट मात्र इथल्या कायद्यानं चालतो, कारण स्थावर मालमत्तेला ती जिथे आहे तिथला कायदा लागतो. तिकडच्या विवाह प्रमाणपत्राच्या आधारे इथे विधवा किंवा विधुर म्हणून वारसा मिळेल, या भरवशावर कुणी राहू नये.

संसदेनं कायदा करावा, हे माझं म्हणणं मी वर मांडलं. तो होईपर्यंतची विनंती जोडप्यांना आणि त्यांच्या आईवडिलांना आहे. जोडप्यांनो, घर दोघांच्या नावानं घ्या, हिस्से करारनाम्यात लिहून घ्या. मृत्युपत्र आजच करा, स्वतंत्र वकिलाकडे, एकेकट्यानं जाऊन करा. भावंडांना का दिलं नाही याचं कारण दोन ओळींत, प्रेमानं लिहा. साक्षीदार तुमच्याहून तरुण आणि सहज सापडणारे निवडा, एक डॉक्टर असला तर उत्तम, आणि नोंदणी सक्तीची नसली तरी करून टाका. मृत्युपत्राला मुद्रांक शुल्क लागत नाही.

आणि आईवडिलांनो, तुमचं मूल कायद्याच्या लेखी अविवाहित आहे, त्यामुळे त्याच्या कमाईचे वारस तुम्हीच ठरण्याची शक्यता मोठी. त्याच्याआधी तुम्ही जाल असं तुम्ही धरून चालता, पण माझ्या कपाटात तसं न घडलेल्या फायली आहेत. त्या घरात तुमच्या मुलाबरोबर कोण राहतं हे तुम्हाला माहीत आहे. तशी वेळ आली तर ते घर त्या माणसाकडे राहावं, अशी तुमची इच्छा असेल तर ती मनात ठेवू नका. थोरल्या मुलाला, सुनेला, जावयाला आत्ताच, तुमचा शब्द चालतो आहे तोवर, समोर बसवून सांगा, आणि तुमच्या स्वतःच्या मृत्युपत्रात लिहा.